जेवणाची वेळ कोण ठरवतो?

गेल्या वर्षीची गोष्ट. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला चयापचयाचे प्रकरण शिकवीत होतो. इन्शुलिन, ग्लुकोज, यकृतातील ग्लायकोजेन ही नेहमीची सामग्री फळ्यावर मांडून झाली होती. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. म्हणाला, “सर, माझे बाबा उद्यमबागेत एका कारखान्यात आहेत. दर आठवड्याला त्यांची पाळी बदलते. त्यांना मधुमेह आहे. दिवसपाळीला असले की साखर बरी असते. रात्रपाळी लागली की तीच भाकरी, तीच भाजी, उलट जेवण थोडे कमीच. तरी साखर चढते. असे का?”

फळ्यावर जे लिहिले होते त्यात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. किती खाल्ले आणि त्याचे पुढे काय झाले, एवढाच हिशेब तेथे होता. केव्हा खाल्ले, याला त्यात जागाच नव्हती. ‘पुढच्या तासाला सांगतो’ म्हणून त्या दिवशी वेळ मारून नेली, आणि घरी येऊन वाचायला बसलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाचे सार होय. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडेलच. परंतु ज्यांच्या घरी कोणी रात्रपाळीला जाते, किंवा जे परीक्षेच्या दिवसांत स्वतःच रात्रपाळी करतात, त्यांनीही तो वाचावा अशी इच्छा आहे.

किती आणि केव्हा

पोट रिकामे झाले म्हणजे भूक लागते, अशी आपली समजूत असते. जरा आपल्याच दिवसाकडे पाहा. रात्री नऊला जेवून आपण सकाळी सातला उठतो. दहा तास पोटात काही गेलेले नसते. तरी डोळे उघडताच कोणी ताटाकडे धावत नाही. चहा झाला, अंघोळ झाली, मग हळूहळू न्याहारीची आठवण होते. याउलट साडेनऊला पोहे खाऊन कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्याला एक वाजताच्या तासाला प्राध्यापकांचा आवाज ऐकू येईनासा होतो. दहा तासांचा उपास सोसतो आणि साडेतीन तासांचा सोसत नाही! पोटाच्या हिशेबाने पाहिले तर हे उलटेच झाले. तेव्हा हिशेब ठेवणारा पोटाखेरीज आणखी कोणी तरी असला पाहिजे.

हा हिशेबनीस मेंदूच्या तळाशी बसतो. मेंदूच्या बुडाशी, नाकाच्या मुळामागे खोलवर, बदामाएवढा एक भाग आहे. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. १९४० साली हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधील मधल्या खालच्या भागाला इजा केली, तेव्हा ते उंदीर बेसुमार लठ्ठ झाले. १९५१ साली बाळकृष्ण आनंद या भारतीय शास्त्रज्ञाने अमेरिकेतील येल विद्यापीठात ब्रोबेक यांच्याबरोबर काम करताना याच्या नेमके उलट दृश्य पाहिले. हायपोथॅलॅमसच्या दोन्ही कडांचा छोटासा भाग नष्ट केला की उंदीर खाणेच सोडून देत. समोर अन्न असूनही ते उपाशी मरत. हेच आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्यानंतर भुकेचे रसायनशास्त्र पुष्कळ उलगडले. चरबीच्या पेशींतून निघणारे आणि ‘साठा पुरेसा आहे’ असे मेंदूला सांगणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ साली सापडले. जठरातून निघणारे आणि भूक चेतवणारे घ्रेलिन १९९९ साली सापडले. ‘किती खावे’ हे कळण्यासाठी ही सारी माहिती मोलाची आहे. परंतु आपला प्रश्न ‘केव्हा’चा आहे. त्याचे उत्तर शोधताना भुकेचा विषय थोडा वेळ बाजूला ठेवून घड्याळाकडे वळावे लागते.

मेंदूतील घड्याळाचा शोध

१७२९ साली फ्रान्समधील दे मेराँ या शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक रोप अंधारात ठेवले. दिवसा पाने उघडायची आणि रात्री मिटायची, हा त्या रोपाचा क्रम. सूर्य दिसेनासा झाला तरी हा क्रम चालूच राहिला. सूर्यप्रकाश नसताना रोपाला वेळ कोण सांगत होते? अर्थात ते वेळ आतूनच मोजत होते. अशा लयीला १९५९ साली फ्रान्झ हालबर्ग यांनी ‘सर्केडियन’ हे नाव दिले. लॅटिन शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ ‘सुमारे एक दिवसाची’ असा आहे. आपण तिला दैनिक लय म्हणू.

यातील ‘सुमारे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माणसाला सूर्यप्रकाश, घड्याळ, वर्तमानपत्र यांपासून दूर ठेवून त्याची लय मोजली तर ती बरोबर चोवीस तासांची भरत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या काळजीपूर्वक मोजणीत ती सरासरी २४ तास ११ मिनिटे आली. म्हणजे आपले आतले घड्याळ रोज थोडे मागे पडते आणि सकाळच्या उजेडाने ते रोज पुन्हा जुळवावे लागते.

हे घड्याळ शरीरात नेमके कोठे आहे, हे १९७२ साली कळले. अमेरिकेत दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच गोष्ट सिद्ध झाली. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता मेंदूच्या तळाशी एकमेकींना छेदून फुली करतात. त्या फुलीच्या अगदी वर, हायपोथॅलॅमसमध्येच, डाव्या-उजव्या बाजूंना चेतापेशींचे दोन इवलेसे पुंज आहेत. त्यांचे शास्त्रीय नाव सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस. आपण त्यांना घड्याळ-पुंज म्हणू. उंदरात दोन्ही मिळून सुमारे २०,००० पेशी भरतात. स्टीफन आणि झुकर यांनी हे पुंज नष्ट केले, तेव्हा उंदरांच्या पाणी पिण्याची आणि धावण्याची लय नाहीशी झाली. मूर आणि आयक्लर यांना उंदरांमधील कॉर्टिकोस्टेरोन या संप्रेरकाची रोजची भरती-ओहोटी थांबलेली दिसली.

खाण्याच्या बाबतीतही हेच घडते. उंदीर निशाचर, त्यामुळे त्याचे बहुतेक खाणे रात्री होते. घड्याळ-पुंज काढून टाकलेला उंदीर एकूण जवळजवळ तेवढेच खातो, परंतु दिवसरात्र विखरून, केव्हाही खातो. ‘किती’ शाबूत राहते आणि ‘केव्हा’ नाहीसे होते. मेंदूत या दोन गोष्टींचा कारभार वेगवेगळा आहे, याचा हा स्पष्ट पुरावा होय.

तरीही शंका घेता येईल. घड्याळ येथेच आहे की घड्याळाची तार फक्त येथून जाते? ही शंका १९९० साली राल्फ, मेनाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेडली. त्यांच्याकडे हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याची एक जात होती. एका जनुकातील बदलामुळे तिचा दिवस सुमारे वीस तासांचा झाला होता. साध्या हॅमस्टरचा घड्याळ-पुंज काढून त्याच्या मेंदूत या जातीचा पुंज बसवला, तेव्हा त्याचाही दिवस वीस तासांचा झाला. उलट अदलाबदल केली तेव्हा उलट झाले. प्राणी कोणताही असो, चाले ती पुंज देणाऱ्याची वेळ. घड्याळ तेथेच होते.

घड्याळ चालते कसे?

या पेशी वेळ मोजतात कशा? घराच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. पाणी चढते तसा तरंगता गोळा वर येतो आणि नळ आपोआप बंद करतो. पाणी वापरले जाते तसा गोळा खाली उतरतो आणि नळ पुन्हा उघडतो. पेशीतही असेच घडते. ‘क्लॉक’ आणि ‘बीमॅल-१’ ही दोन प्रथिने मिळून ‘पीरियड’ आणि ‘क्रिप्टोक्रोम’ यांची जनुके चालू करतात. त्या जनुकांपासून बनलेली प्रथिने साठत जातात, पेशीकेंद्रात शिरतात आणि आपल्याच निर्मितीचा नळ बंद करतात. पुढे ती हळूहळू नष्ट होतात आणि नळ पुन्हा उघडतो. एका फेरीला सुमारे चोवीस तास लागतात.

या शोधाची सुरुवात फळमाशीपासून झाली. १९७१ साली कोनोप्का आणि बेंझर यांनी तीन प्रकारच्या बिघडलेल्या माश्या शोधल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा आणि तिसरीला लयच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. हे जनुक १९८४ साली वेगळे करण्यात आले. त्या आणि त्यापुढील कामासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हेच यंत्र उंदरात आहे आणि आपल्यातही आहे. ते बिघडले तर चयापचयाचे काय होते? २००५ साली शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ‘क्लॉक’ जनुक बिघडलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या उंदरांच्या खाण्यातील दिवस-रात्रीचा फरक पुसट झाला होता. ते जास्त खात, लठ्ठ होत, आणि त्यांच्या रक्तातील साखर व चरबी वाढत असे. घड्याळाचा बिघाड चयापचयाचा बिघाड ठरला.

मेंदू अवयवांना वेळ कशी कळवतो?

प्रथम घड्याळाला वेळ कोण कळवतो ते पाहू. डोळ्यांच्या दृष्टिपटलात पाहण्याच्या कामी येणाऱ्या पेशींखेरीज काही थोड्या वेगळ्या चेतापेशी असतात. त्यांत मेलॅनॉप्सिन हे प्रकाशग्राही द्रव्य असते. वस्तू दिसण्यासाठी नव्हे, तर उजेड किती आहे हे मोजण्यासाठी त्यांचा मुख्य उपयोग होतो. निळसर प्रकाशाला त्या विशेष संवेदनशील असतात आणि त्यांचे तंतू थेट घड्याळ-पुंजाकडे जातात. या पेशी २००२ च्या सुमारास नीट ओळखल्या गेल्या. काही अंध व्यक्तींना काहीही दिसत नसतानाही त्यांची झोप-जागृती दिवस-रात्रीशी जुळलेली का असते, हे त्यामुळे कळले.

उजेडाने जुळवलेले हे घड्याळ तीन मार्गांनी शरीराला वेळ कळवते. पहिला मार्ग हायपोथॅलॅमसमधल्या शेजाऱ्यांचा. घड्याळ-पुंजाचे तंतू जवळच्या पुंजांकडे जातात आणि तेथून निरोप पुढे पोहोचतो. आनंद आणि ब्रोबेक यांनी दाखवलेल्या बाजूच्या भागात ऑरेक्सिन बनवणाऱ्या पेशी आहेत. त्या जागेपण आणि अन्नाचा शोध या दोहोंना चालना देतात. दुसरा मार्ग संप्रेरकांचा. पोष ग्रंथीमार्फत निरोप गेला की अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडते. दुसऱ्या वाटेने पिनियल ग्रंथी रात्री मेलॅटोनिन सोडते. तिसरा मार्ग स्वायत्त चेतांचा. यकृत, स्वादुपिंड इत्यादी अवयवांकडे या चेता थेट जातात.

आता एका दिवसाचा फेरा पाहा. रात्री आपण निजतो तेव्हा लेप्टिन वाढलेले असते, म्हणून भूक झोप मोडीत नाही. मेलॅटोनिन चढलेले असते. यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनमधून थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहते, कारण मेंदूला झोपेतही ती लागते. पहाटे, अजून जाग आलेली नसतानाच, कॉर्टिसॉल चढू लागते आणि उठण्याच्या सुमारास त्याचा कळस होतो. शरीर दिवसाच्या कामासाठी इंधन काढून ठेवते. म्हणूनच मधुमेह असलेल्या काही लोकांची पहाटेची साखर काहीही न खाता वाढलेली आढळते. सकाळी खाल्लेली साखर शरीर चांगल्या प्रकारे हाताळते. संध्याकाळपासून ही क्षमता उतरू लागते. रात्री मेलॅटोनिन वाढले की स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटण्याचा वेगही मंदावतो. तेव्हा झोप नाही आणि अन्नही नाही, अशी स्थिती शरीराला अपेक्षित नसते. झोप आहे आणि अन्न नाही, हीच त्याची अपेक्षा असते.

सकाळी भूक कमी का, याचेही उत्तर येथेच मिळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींना तेरा दिवस मंद उजेडात ठेवून त्यांचे जेवण आणि झोप चोवीस तासांत सर्वत्र सारखी वाटून दिली. तरीही आतल्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त आढळली. पोट किती वेळ रिकामे आहे यावर ती लय अवलंबून नव्हती.

दुसरे घड्याळ

येथपर्यंत सारे सरळ वाटते. सूर्य मेंदूला सांगतो, मेंदू अवयवांना सांगतो. पण निसर्ग एवढ्यावर थांबत नाही.

आपल्या घरच्या गाईला आंबोणाची वेळ कळते. गल्लीतील कुत्रे शिळ्या भाकरीच्या वेळेला बरोबर दारात येऊन बसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ऑगस्ट फोरेल यांना उघड्यावरील न्याहारीच्या टेबलाशी मधमाश्या ठरलेल्या वेळी येताना दिसल्या. जॅम ठेवलेला नसला तरी त्या येत. १९२९ साली इंगेबोर्ग बेलिंग यांनी प्रयोगाने दाखवून दिले की मधमाश्यांना अन्नाची वेळ शिकवता येते. उंदरांना रोज ठरावीक वेळीच अन्न दिले, तर तेही त्या वेळेच्या एक-दोन तास आधीच जागे होऊन धावपळ करू लागतात.

१९७९ साली स्टीफन यांनी घड्याळ-पुंज काढलेल्या उंदरांवर हाच प्रयोग केला. वास्तविक त्यांना वेळ कळायला नको होती. परंतु अन्नाच्या वेळेआधी तेही जागे झाले! म्हणजे अन्नाने जुळणारी निराळी वेळ-यंत्रणा शरीरात आहे. ती मेंदूच्या कोणत्या भागात आहे याचा वाद अद्याप मिटलेला नाही. २००६ साली हायपोथॅलॅमसमधील डॉर्सोमेडियल पुंजाकडे काहींनी बोट दाखवले, तर इतरांना तो पुंज काढूनही उंदीर वेळ ओळखताना दिसले. बहुधा ते एका जागेचे काम नसून अनेक जागांचे मिळून असावे.

मेंदूबाहेरील चित्र मात्र अधिक स्पष्ट झाले आहे. १९९८ साली जिनीव्हा येथे उएली शिबलर यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की काचेच्या बशीत वाढवलेल्या साध्या पेशींमध्येही दैनिक लय असते. म्हणजे घड्याळ एक नव्हे. यकृत, स्वादुपिंड, स्नायू, चरबी या प्रत्येकात घड्याळ आहे. मेंदूतील पुंज हा त्यांचा एकुलता एक मालक नसून, वाद्यवृंदाला ताल देणारा म्हणता येईल. २००० साली त्याच प्रयोगशाळेने पुढचा प्रयोग केला. निशाचर उंदरांना फक्त दिवसा अन्न देण्यात आले. काही दिवसांत त्यांच्या यकृताचे घड्याळ सरकत सरकत जवळजवळ बारा तास फिरले. मेंदूतील पुंजाचे घड्याळ मात्र जागचे हलले नाही. तो उजेडाकडे पाहत राहिला.

या साऱ्या विवेचनाचा गाभा येथे आहे. मेंदू आपली वेळ उजेडावरून लावतो, यकृत आपली वेळ जेवणावरून लावते. जेवण म्हणजे केवळ इंधन नव्हे, ते वेळेचा निरोपही आहे. दिवसा उजेडी जेवणाऱ्या माणसाला उजेड आणि जेवण एकच वेळ सांगतात. रात्री जेवणाऱ्याला दोघे दोन वेळा सांगतात, आणि एकाच शरीरात दोन वेळा चालू होतात.

दोन वेळा, एक शरीर

याचा परिणाम काय होतो? २००९ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात उंदरांच्या दोन गटांना एकच स्निग्ध अन्न दिले. एका गटाला ते फक्त रात्री, म्हणजे उंदराच्या जागेपणी मिळे, आणि दुसऱ्याला फक्त दिवसा, झोपेच्या वेळी. दोन्ही गटांच्या खाण्यात आणि हालचालीत लक्षणीय फरक नव्हता. सहा आठवड्यांनी योग्य वेळी खाणाऱ्यांचे वजन सुमारे २० टक्के वाढले होते, अवेळी खाणाऱ्यांचे सुमारे ४८ टक्के.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, असे कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे. म्हणून त्याच वर्षी बॉस्टन येथे माणसांवर झालेला प्रयोग पाहू. दहा व्यक्तींना प्रयोगशाळेत २८ तासांच्या ‘दिवसा’वर ठेवले. त्यामुळे त्यांचे जेवण आणि झोप आतल्या घड्याळापासून सरकत गेली. ती पूर्ण बारा तास उलटी झाली तेव्हा लेप्टिन १७ टक्क्यांनी उतरले होते. इन्शुलिन २२ टक्क्यांनी वाढले, तरीही रक्तातील साखर ६ टक्क्यांनी चढली होती. या तपासणीत आठांपैकी तीन निरोगी माणसांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसासारखी झाली, आणि तीही काही दिवसांतच. २०१५ च्या आणखी एका प्रयोगात तेच जेवण आतल्या घड्याळाच्या संध्याकाळी दिले असता साखर सकाळच्या मानाने १७ टक्के जास्त चढली.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हा वाचा. तीच भाकरी, तीच भाजी. भाकरी तीच होती, पण तिला हाताळणारे शरीर त्या घटकेला ते नव्हते.

मग करावे काय?

येथे सावधपणे लिहिले पाहिजे. ओडिशात जन्मलेले आणि अमेरिकेत संशोधन करणारे सच्चिदानंद पांडा यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली दाखवले की स्निग्ध अन्न रात्रीच्या आठ तासांतच दिलेले उंदीर लठ्ठपणापासून बरेच वाचतात, जरी ते दिवसभर खाणाऱ्या उंदरांइतकेच खातात. त्यानंतर ‘आठ तासांत जेवा’ हा मंत्र जगभर पसरला. परंतु माणसांवरील प्रयोगांत यश तितके सरळ आलेले नाही. २०२२ साली चीनमध्ये १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला. त्यात सर्वांचे अन्न सारखेच कमी केले होते. अर्ध्यांना सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळात जेवायला सांगितले. वेळेच्या बंधनाने वजन विशेष जास्त उतरले नाही. तेव्हा वेळ पाळली की प्रमाणाची चिंता नको, असा अर्थ कोणी काढू नये. ‘केव्हा’ने ‘किती’ची जागा घेतलेली नाही. ते त्याच्या शेजारी येऊन बसले आहे, एवढेच.

आपल्या भागातील अनेक जैन घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याची चाल आहे. तिचा उगम अहिंसेच्या विचारात आहे, यकृताच्या घड्याळात नाही, आणि तिला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरजही नाही. परंतु उजेड आणि जेवण यांची सांगड घालणारी घरे आपल्या शेजारीच आहेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. रात्री दहानंतरच स्वयंपाक झाला पाहिजे, असा काही निसर्गाचा नियम नाही.

रात्रपाळीच्या माणसाला मात्र ‘रात्री जागू नका’ हा उपदेश कुचकामी आहे. रात्री दवाखाना चालला पाहिजे, बस चालली पाहिजे, भट्टी पेटती राहिली पाहिजे. त्याच्यासाठी २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आशादायक आहे. १९ निरोगी तरुण व्यक्तींना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखे जागवले. एका गटाने दिवसा आणि रात्रीही जेवण घेतले, दुसऱ्याने रात्री जागूनही जेवण फक्त दिवसा घेतले. पहिल्या गटाची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटाची वाढली नाही. जागरण टळले नाही तरी जेवणाची वेळ निदान काही प्रमाणात आपल्या हातात आहे, असा याचा अर्थ.

पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थ्याला हे सारे सांगितले. त्याने विचारले, “मग बाबांना रात्रीचा डबा बंद करायला सांगू?” मी म्हटले, “नाही. ते गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असतील तर जेवण चुकवल्याने साखर एकदम उतरू शकते आणि यंत्रासमोर चक्कर आली तर जिवावर बेतेल. प्रयोगातील माणसे निरोगी होती. तू एवढेच कर. पंधरा दिवस एका वहीत त्यांची पाळी, जेवणाच्या वेळा आणि साखर लिहून ठेव. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी घेता येईल का, रात्री थोडेच खाल्ले तर चालेल का, औषधाची वेळ बदलावी लागेल का, हे त्यांनाच विचार.”

अशी वही प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्यापुरती ठेवून पाहावी. सात दिवस, जागे असेपर्यंत दर दोन तासांनी, आपल्या भुकेला शून्य ते पाच असे गुण द्यावेत. शेजारी जेवणाची, झोपेची आणि उठण्याची वेळ लिहावी. एक रविवार त्यात अवश्य असावा. मग आलेख काढावा. आपल्या भुकेचा चढ-उतार पोटाच्या रिकामेपणाशी किती जुळतो आणि दिवसाच्या वेळेशी किती, हे आपले आपल्यालाच दिसेल. प्रात्यक्षिकाला यापेक्षा स्वस्त साहित्य सापडणार नाही.

परीक्षा जवळ आली की वसतिगृहाच्या खोल्यांतून रात्री दोन वाजता चहा, फरसाण आणि बिस्किटांचे पुडे फिरू लागतात. दिवा लावून आपण मेंदूला सांगतो की अजून दिवस आहे, आणि पुडा फोडून यकृतालाही तेच सांगतो. सकाळी पेपरला बसण्याच्या वेळी आतल्या घड्याळांत एकमत उरलेले नसते. जागणे अटळच असेल तर जागावे. पण भरपेट खाणे उजेडासाठी राखून ठेवावे, आणि सकाळी उठल्यावर थोडा वेळ उघड्या उजेडात जाऊन यावे. आतले घड्याळ जुळवायला त्याहून सोपा उपाय नाही.

तो विद्यार्थी आता तिसऱ्या वर्षाला आहे. परवा व्हरांड्यात भेटला तेव्हा त्याच्या हातात वही होती. पहिल्या पानावर तीन रकाने आखले होते : पाळी, जेवण, साखर. आमच्या क्रमिक पुस्तकात मधला रकाना होता. पहिला त्याने आपल्या घरून आणला.